चित्रकलेचे सर व्हायचंय? बारावीनंतरचा रस्ता असा आहे

श्रीगोंदा : वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढणारं पोरगं प्रत्येक गावात असतं. कॉलेजला गेल्यावर तेच म्हणतं, "मला ड्रॉइंगचा सर व्हायचंय." घरचे विचारतात, "त्यात नोकरी लागते का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी पूर्ण माहिती घ्या.

सुरुवात शाळेतूनच
एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा शाळेतच देता येतात. त्यात स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर असतात. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7, बी श्रेणीला 5 आणि सी श्रेणीला 3 वाढीव गुण मिळतात. पुढे कलेच्या शिक्षणातही या परीक्षा उपयोगी पडतात.

एटीडी म्हणजे काय?
आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे कला शिक्षक पदविका. बारावीनंतर दोन वर्षांचा हा कोर्स आहे. नुसतं चांगलं चित्र काढून इथं भागत नाही. पाठाचं टाचण काढणं, फळ्यावर झटपट रेखाटन करणं, खऱ्या वर्गापुढे उभं राहून शिकवणं हेही करावं लागतं. स्वतःला येणं वेगळं आणि चाळीस पोरांना शिकवणं वेगळं.

फी भरण्याआधी
कॉलेजला शासनाची मान्यता आहे का, हे कला संचालनालयाच्या यादीत स्वतः बघा. कुणाच्या तोंडी शब्दावर पैसे भरू नका. मान्यता नसेल तर दोन वर्षं आणि घरचा पैसा दोन्ही वाया जातं.

नोकरीचं खरं चित्र
जागा कमी आहेत, हे आधीच धरून चाला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, 100 पेक्षा जास्त पट असलेल्या शाळेत, कलेचा निदेशक अंशकालीन सांगितला आहे. म्हणजे कायद्यानेच पूर्णवेळ शिक्षकाची सक्ती नाही. राज्यातल्या शिक्षकभरतीसाठी 2017 पासून 'पवित्र' पोर्टल आहे. जाहिरातीत कला विषयाची जागा आहे का ते बारकाईनं वाचा. केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयांतही कला शिक्षक असतात. आपल्या जिल्ह्याचं नवोदय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे. तिथल्या पात्रतेच्या अटी मात्र वेगळ्या असतात.

म्हणून एटीडी करतानाच पदवीही पुढे घ्यायचं ठरवा. अक्षरलेखन, मूर्तिकाम, रेखाकला परीक्षांचे वर्ग यातलं एखादं काम हाताशी ठेवा.

सराव गावातच
सरावाला शहरात जायची गरज नाही. काष्टीच्या बाजारातले बैल, पेडगावच्या किल्ल्यातलं लक्ष्मीनारायण मंदिर, भीमेचा काठ, ऊसतोडीच्या गाड्या. रोज एक रेखाटन, तारीख टाकून. वर्षभरात हात किती सुधारला, ते वहीच सांगेल. आणि "पोरगं नुसतं टाइमपास करतंय" म्हणणाऱ्या घरच्यांपुढे तीच वही ठेवता येईल.