जुनं नाव परत आणताय? आधी 'पायथन' रिव्हॉल्व्हरची गोष्ट ऐका



भोर आणि वेल्ह्याकडच्या उद्योजकांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, आजोबांच्या काळात आमच्या मसाल्याचं नाव होतं. मध्ये बंद पडलं. तेच नाव पुन्हा लावू का?" कोणाची बंद पडलेली तेलाची घाणी असते, कोणाची बेकरी, कोणाचं तांदळाचं दुकान. नाव लोकांच्या अजून लक्षात असतं, म्हणजे जाहिरातीचा खर्च वाचला, असा सगळ्यांचा हिशेब असतो.

हिशेब अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायला आज मी तुम्हाला थोडं लांबचं उदाहरण देणार आहे, एका रिव्हॉल्व्हरचं. आपल्याकडे बंदूक म्हटली की रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक आठवते. हौशी लोकांचं जग वेगळंच. पण जुन्या नावावर जीव लावणारं गिऱ्हाईक कसं वागतं, हे त्या जगात फार स्वच्छ दिसतं.

पायथन म्हणजे काय होतं?

अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीने १९५५ मध्ये 'पायथन' नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. .३५७ मॅग्नम काडतुसाचं. त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक, आतले भाग कारागीर हाताने घासून बसवायचे, त्यामुळे चाप ओढताना लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरायचा. दुसरी, त्याचं गडद निळं पॉलिश. कोल्ट त्याला 'रॉयल ब्लू' म्हणायची.

असं काम महाग पडतं. हातकाम करणारे कारागीर कमी होत गेले, खर्च वाढत गेला आणि २००५ मध्ये पायथन बंद झालं. पण नाव मेलं नाही. जुन्या पायथनचे भाव चढत गेले. 'द वॉकिंग डेड' या टीव्ही मालिकेच्या नायकाच्या हातात ते दिसलं आणि ज्यांनी आयुष्यात बंदूक धरली नव्हती, त्यांनाही नाव पाठ झालं. २०१५ मध्ये तर कोल्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. घर अडचणीत, आणि घरातल्या जुन्या नावाला बाजारात सोन्याचा भाव!

मग जानेवारी २०२० मध्ये कंपनीने पायथन परत आणलं. किंमत १,४९९ डॉलर.

हौशी लोक काय म्हणाले?

इथे नीट लक्ष द्या. 'गिऱ्हाईक खूश झालं' किंवा 'नाराज झालं' असं एका वाक्यात सांगता येत नाही. तीन प्रकारचे लोक होते आणि तिघांचं बोलणं वेगळं होतं.

पहिले संग्राहक. यांनी आधी रंग बघितला. नवं पायथन स्टेनलेस स्टीलचं होतं, निळं पॉलिश नव्हतंच. हातकामही पूर्वीसारखं नाही. यांच्या मते नाव तेच असलं तरी वस्तू ती नव्हती.

दुसरे रोज नेम मारणारे. यांचं मत जवळजवळ उलटं. जुनं पायथन देखणं होतं, पण खूप वापरलं की आतलं टायमिंग बिघडायचं आणि ते दुरुस्त करणारे जाणते कारागीर मोजकेच उरले होते. नव्यात कंपनीने आतले भाग कमी केले, रचना सोपी केली, जिथे जोर येतो तिथे जास्त धातू ठेवला. या लोकांना ते आवडलं.

तिसरे पहिल्यांदाच घेणारे. यांना जुनं माहीतच नव्हतं. यांनी परीक्षणाचे व्हिडिओ बघितले. सुरुवातीच्या काही नगांत चाप ओढल्यावर गोळ्यांचं चक्र पुढे सरकत नाही, असं त्या व्हिडिओंत दिसलं. हे लोक थांबले. कंपनीला दोष शोधून दुरुस्त करावा लागला.

आता विचार करा. असाच दोष एखाद्या नव्या, अनोळखी नावाच्या मालात निघाला असता, तर चार लोकांनी तक्रार केली असती. पायथनमध्ये निघाला म्हणून जगभर बोभाटा झाला. नाव मोठं असलं की गिऱ्हाईक लवकर येतं, आणि चूकही लवकर दिसते.

तरीही पायथन टिकलं. का? कंपनीने बदल लपवले नाहीत. काय बदललं, कुठे मजबूत केलं, हे उघड सांगितलं. दोष निस्तरले. निळ्या पॉलिशची मागणी मात्र ऐकत राहिले, आणि काही वर्षांनी निळं मॉडेलही आणलं.

नाव तेच, पण विशेष काय?

आपल्या देशात असंच एक नाव परतलं. बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट. १८८७ पासून ब्रिटिश फौजेच्या कमरेला वेब्लीचं रिव्हॉल्व्हर असायचं, .४५५ बोअरचं. २०२० मध्ये ही कंपनी उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भागीदारीत उत्पादनाला आली. पण रिव्हॉल्व्हर .३२ बोअरचं. कारण आपल्याकडे .३८ आणि .४५५ हे बोअर सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत, ते 'प्रतिबंधित' गटात येतात. म्हणजे ज्या बोअरने नाव कमावलं, तो बोअर इथे विकताच येत नाही.

त्यात अजून एक गंमत. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आधीपासूनच वेब्लीच्या घडणीवरून बेतलेलं. २०१४ मध्ये आलेलं हलकं 'निर्भीक' त्याच घराण्यातलं. मग जाणत्या गिऱ्हाइकाचा सरळ प्रश्न असतो: घडण तर मला आधीच मिळतेय, तुमच्या नावाने वर काय मिळणार?

हा प्रश्न तुम्हालाही येणार. तुमच्या आजोबांच्या गोड्या मसाल्याची चव आज नसरापूरच्या, कापूरहोळच्या दुकानातल्या चार पाकिटांत मिळत असेल, तर नुसतं 'तेच जुनं नाव' पुरणार नाही. काय वेगळं आहे ते बोटाने दाखवता आलं पाहिजे.

जावाने शिकवलेले दोन धडे

बंदुका सोडा, मोटारसायकल घ्या. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनायची, पुढे येझदी. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गाड्या मात्र लोकांनी जपल्या, आजही दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गाड्या काढून एकत्र येतात. १५ नोव्हेंबर २०१८ ला क्लासिक लेजेंड्स या कंपनीने जावा परत आणली. रूप बघून लोक हरखले. जुन्या लोकांनी मात्र कान दिला, तर टू-स्ट्रोकचा तो आवाज नाही. पाय टाकला, तर किक मारून तोच दांडा गिअरला वापरायची सोय नाही.

पण खरी नाराजी दुसऱ्याच गोष्टीवर झाली. बुकिंग इतकं आलं की २५ डिसेंबरला ऑनलाइन बुकिंग बंद करावं लागलं, सप्टेंबर २०१९ पर्यंतचा माल संपला होता. पैसे भरून लोक महिनोन् महिने वाट बघत बसले. धडा पहिला: जुनं नाव लावलं की मागणी हळूहळू चढत नाही, एकदम अंगावर येते. दिवाळीला शंभर किलो चिवड्याची ऑर्डर आली आणि तुमची कढई वीस किलोची असेल, तर नावच तुम्हाला बुडवेल.

धडा दुसरा: नाव कोणाचं? येझदी या नावावरून कोर्टात वाद झाला. बंद पडलेल्या जुन्या कंपनीच्या मालमत्तेत हे नाव येतं की नाही, हा मुद्दा होता. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांचा निकाल नाव वापरणाऱ्यांच्या विरोधात गेला आणि प्रकरण अपिलात गेलं. एवढ्या मोठ्या लोकांची ही गत, तर आपण चुलतभावांत वाटणी न झालेलं दुकानाचं नाव बिनधास्त पाटीवर लिहून मोकळे होतो!

आता आपल्या तालुक्यात या

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांतलं सगळ्यात जुनं 'ब्रँड नेम' कोणतं? माझ्या मते आंबेमोहोर. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो म्हणून हे नाव. पीक उंच वाढतं, वाऱ्या-पावसात लोळतं, उतारा कमी. म्हणून बरेच शेतकरी इंद्रायणीकडे वळले. आता काही तरुण 'जुना आंबेमोहोर' पाकिटात घालून पुण्याला विकायला निघालेत. चांगली गोष्ट आहे. पण बाजारात आंबेमोहोर म्हणून दुसराच बारीक तांदूळही खपवला जातो, हे गिऱ्हाइकाला कळून चुकलंय. पुण्यातली सत्तरीतली आजी पाकीट फोडून आधी वास घेईल. ती तुमची संग्राहक. डबे पुरवणाऱ्या ताई विचारतील, भात मोकळा होतो का, दर महिन्याला मिळेल का. त्या रोज नेम मारणाऱ्या. आणि आयटीतली मुलगी मोबाईलवर आधीच्या गिऱ्हाइकांचे शेरे वाचेल. पायथनचे तिन्ही लोक इथेच आहेत बघा.

नाव लावण्याआधी चार कामं

१. जुन्या गिऱ्हाइकांकडे जा. किमान दहा जण शोधा ज्यांनी मूळ वस्तू खाल्ली किंवा वापरली आहे. 'आवडायचं का?' असं विचारू नका. 'नेमकं काय आठवतं?' असं विचारा. वास, रंग, कुरकुरीतपणा, दुकानदाराचं बोलणं, जे येईल ते लिहून घ्या. दहापैकी सात जणांनी जे सांगितलं, ते बदलायचं नाही.

२. जे बदलावं लागणार, ते पाकिटावर लिहा. घाणी बैलाची होती, आता विजेवर आहे? लिहा. हातकुटीऐवजी डंख वापरता? लिहा. आपण सांगितलं की तो बदल असतो, गिऱ्हाइकाने शोधला की ती फसवणूक होते.

३. नावाची मालकी बघा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर नाव फुकट शोधता येतं. तांदूळ, मसाले हे वर्ग ३० मध्ये येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, आणि नोंदणी १० वर्षांची असते. नाव घराण्याचं असेल तर आधी भावकीची लेखी संमती घ्या. आणि वेल्हे तालुक्याला 'राजगड' नाव मिळालं म्हणून सगळ्यांनी 'राजगड मसाले', 'राजगड तांदूळ' धरू नका. नुसत्या ठिकाणाच्या नावाची नोंदणी मिळवणं अवघड असतं आणि शेजारीही तेच नाव लावू शकतो.

४. पहिली खेप छोटी काढा. पन्नास पाकिटं जाणत्या लोकांनाच द्या. दोष त्यांच्या स्वयंपाकघरात सापडू दे, बाजारात नको. पायथनच्या पहिल्या नगांचं काय झालं ते आठवा.

नवीन नाव बुडालं तर दुसरं घेता येतं. आजोबांचं नाव एकदाच परत आणता येतं. गावात चाळीस वर्षांनी पाटी पुन्हा लागते, लोक कौतुकाने येतात, आणि माल हलका निघाला की म्हणतात, "म्हाताऱ्याचं नाव घालवलं." मग त्या वाक्यावर कुठलीच सवलत, कुठलीच ऑफर चालत नाही. जुन्या नावाने मिळणारा विश्वास ही उधारी आहे, आजोबांच्या खात्यावर घेतलेली. फेडायची तुम्हाला आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: ते दहा जुने गिऱ्हाईक शोधा आणि काय आठवतं ते वहीत लिहा. दहा जणं सापडलेच नाहीत, तर समजा की नाव फक्त तुमच्या घरात प्रसिद्ध आहे. मग बिनधास्त नवं नाव घ्या, त्यात काहीही कमीपणा नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, नेटका करा!