तळपायाच्या गंधानें येणारे कृमि

अंकुशकृमीचें नांव आपल्यांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. परंतु तो पोटांत जातो कसा, असें विचारल्यास बहुतेक लोक तोंडाकडे बोट दाखवितील. त्याची मुख्य वाट पायाची आहे. कैरो येथें काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ आर्थर लूस ह्यांच्या हातावर अळ्या असलेलें पाणी सांडलें, त्या जागीं खाज सुटली, आणि पुढें त्यांच्याच शौचांत कृमीचीं अंडीं सांपडलीं. ह्यावरून अळी कातडीवाटे शिरते हें त्यांनीं इ. स. १८९८ त प्रसिद्ध केलें.

रोग्याच्या विष्ठेंतील अंडीं ओल, सावली व ऊब मिळाली म्हणजे एक-दोन दिवसांत फुटतात, आणि पांच ते दहा दिवसांत अळी शिरकावास सिद्ध होते. ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिला डोळे नाहींत, आणि ह्या अवस्थेंत ती कांहीं खातही नाहीं. मग तिला पाय सांपडतो कसा?

उत्तर असें कीं, ऊब आणि गंध हेच तिचे वाटाडे. ह्याच वाटेनें शिरणाऱ्या स्ट्राँगिलॉइडिस नामक कृमीच्या अळ्यांस त्वचेंतील यूरोकॅनिक आम्ल ओढून घेतें, असें इ. स. २००७ त प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. आणि तळपायाच्या त्वचेंत हें आम्ल इतर भागांहून बरेंच अधिक असतें. पुढें इ. स. २०१४ च्या संशोधनांत असें आढळलें कीं, डांसांस ओढणारे मनुष्यदेहाचे कांहीं वास ह्या अळ्यांसही ओढतात. उलट कर्बवायूपासून त्या दूर पळतात. विष्ठेंत तो वायु फार. म्हणून ती सोडून अळ्या मातींत पसरत असाव्या, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

कातडींत शिरलेली अळी रक्तावाटे फुप्फुसांत, तेथून घशांत व गिळली जाऊन आंतड्यांत पोंचते. तेथें अंकुशकृमि रक्त पितो. पुष्कळ कृमि झाले म्हणजे चेहरा फिका पडतो, धाप लागते, काम उरकत नाहीं. अमेरिकेंत इ. स. १९०२ त वर्तमानपत्रांनीं ह्यास ‘आळसाचा जंतु’ म्हटलें. आपणही फिकट मजुरास आळशी म्हणून बोल लावतों. त्याचें रक्त कमी झालें आहे काय, हें पाहत नाहीं. पावसाळ्यांत बोटांच्या बेचक्यांत सुटणारी प्रत्येक खाज कृमीची नसते, परंतु प्रत्येक खाज चिखल्यांचीच, असेंही समजूं नये.

उपाय आपल्या हातीं आहेत. शेतावर शौचकूप असावा. कच्चा मैला खत म्हणून घालूं नये. चिखलांत साध्या वहाणेचा उपयोग थोडा, गमबूट द्यावे. शाळकरी मुलांस इ. स. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं गोळी मिळते. पण ती योजना एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांकरितां आहे. प्रौढ मजुरास प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेऊन शौच व रक्त तपासून घ्यावें, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें जंतनाशक व लोहाचें औषध द्यावें. मात्र मैला उघड्यावर पडत राहिला तर औषध घेतलेल्यास पुन्हा लागण होते. म्हणून शौचकूप आधीं बांधावा.

बैलाचा खूर दुखावला तर आपण औत सोडतों. गड्याच्या पायाची तितकी तरी काळजी येत्या पावसाळ्यापूर्वीं घ्यावी, इतकेंच आमचें सुज्ञ वाचकांस सांगणें आहे.