मराठी आरमारांतील मध्यम गुराब

मराठ्यांच्या आरमारासंबंधानें एक मत इतकें रूढ झालें आहे कीं, तें तपासून पाहावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. तें मत असें कीं, मराठ्यांचीं जहाजें लहान होतीं, कारण मोठीं जहाजें बांधण्याची विद्या त्यांस अवगत नव्हती. आम्हीं स्वतः पाठशाळेंत तीस वर्षें मुलांस हेंच शिकविलें. अध्यापनांतून निवृत्त झाल्यावर मूळ साधनें सावकाश वाचावयास घेतलीं, तेव्हां या मतांतील पूर्वार्ध बहुतांशीं खरा असला तरी उत्तरार्ध टिकत नाहीं, असें आमच्या प्रत्ययास आलें. प्रस्तुत लेख हें एका अर्थीं त्या जुन्या चुकीचें परिमार्जन होय.

प्रथम शब्दांचा विचार करूं; कारण कागद लावतांना घोटाळा येथूनच सुरू होतो. 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा' यावरून आला. 'गुराब' हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा. 'नाखवा' म्हणजे फारशी 'नाखुदा', नौकेचा स्वामी. त्यांतील पहिला अवयव आपल्या 'नौ' शब्दाचा सगोत्र आहे. 'फरगात' म्हणजे युरोपियनांचें फ्रिगेट. सभासदानें महाराजांच्या आरमाराचें वर्णन करतांना गुराबा, तरांडीं, गलबतें, शिबाडें इत्यादि जाती सांगितल्या आहेत. या सर्वांस सरसकट 'जहाज' म्हटलें कीं, कोणतें तारूं कोणत्या कामाचें हा विवेक नाहींसा होतो.

गुराब व गलबत यांची रचना रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकारानें नीट टिपून ठेविली आहे. त्याच्या सांगण्याचा सारांश असा : गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित् तीन. दोन काठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची सुमारें ३०० टन. लांबीच्या मानानें ती रुंद असून पाण्यांत फार थोडी बुडे. मध्यापासून पुढें ती निमुळती होत जाई, आणि तिची नाळ पुढें लांब निघालेली असे. या नाळेच्या अंगास समोर रोखलेल्या दोन मोठ्या तोफा असत. गलबत याहून लहान, सहसा ७० टनांच्या आंतलें. त्यास मोठें तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्हीं. वारा पडला कीं गलबतें गुराबेस दोर लावून ओढीत नेत. शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस, जेथें त्याच्या तोफा थोड्या, तेथें गुराब आणावयाची. त्याच्या काठ्या व शिडें तोडून त्यास पंगु करावयाचें. मग गलबतांतील माणसें चारी बाजूंनीं वर चढवावयाचीं, अशी ही युद्धरीति होती. म्हणजे गुराब व गलबत हें एकच जोडशस्त्र होय. वारा असतां गुराब लढे, वारा नसतां गलबत तिचे पाय होई.

आतां हें सर्व यदृच्छेनें घडलें कीं विचारानें, हा मुख्य प्रश्न आहे. त्याचें उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, १७१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत सांपडतें. त्यांतील आरमारप्रकरण पुष्कळांनीं वाचलें आहे, परंतु बहुधा त्यांतील पहिल्या एक-दोन वाक्यांसाठीं. पुढील व्यवस्था पाहावी. गुराबा व गलबतें फार मोठीं नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीं. जीं मोठीं तारवें वाऱ्यावांचून निरुपयोगी होतात, तीं बांधण्याचें प्रयोजन नाहीं. तथापि फिरंग्यांस वचक बसावा म्हणून कांहीं मोठ्या गुराबा फरगाताच्या नमुन्यावर सजवाव्या, असेंहि तेथें सांगितलें आहे. मोठें जहाज या लेखकास ठाऊक होतें, त्याचा उपयोग ठाऊक होता, आणि त्याचा दोषहि ठाऊक होता. जाणून केलेल्या निवडीस अज्ञान म्हणतां येत नाहीं.

पुढें पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा, त्यांवर एक सरसुभा असावा, आणि आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नांतून नेमून द्यावा, असें सांगितलें आहे. बंदरांच्या उत्पन्नावर आरमार पोसूं नये, कारण तसें केल्यास सावकार व व्यापारी यांस उपद्रव होतो. लांकडाविषयींची आज्ञा तर सुप्रसिद्ध आहे. सागवान घेणें तें हुकुमानें घ्यावें; आंबा व फणस हीं रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेलीं झाडें, त्यांस हात लावूं नये; एखादें जीर्ण झाड घेणेंच झाल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. मध्यम तारवास लांकूडहि त्या मानानें लागतें. हे दोन नियम एकमेकांस पूरक आहेत, असें आमचें अनुमान आहे.

या निवडीचें कारण कोंकणच्या किनाऱ्यांत आहे. सह्याद्रि समुद्रास इतका निकट कीं नद्या आंखूड, खाड्या अरुंद, आणि पुष्कळांच्या मुखाशीं वाळूचे बांध. रात्रीं व पहांटे मतलई वारा भूमीवरून वाहतो, दुपारीं खारा वारा समुद्रावरून येतो, आणि दोहोंच्या मध्यें समुद्र निवांत पडतो. अशा वेळीं पुष्कळ तोफांचें मोठें जहाज जागच्या जागीं खिळतें, आणि चाळीस वल्ह्यांचें गलबत आपल्या इच्छेनें येतें-जातें.

याचा दाखला खांदेरीच्या युद्धांत मिळतो. १६७९ च्या पावसाळ्याअखेर महाराजांचे लोक या बेटावर तट बांधूं लागले. मुंबईकर इंग्रजांनीं बेटाची नाकेबंदी केली; पण रात्रीच्या अंधारांत मायनाक भंडाऱ्याकडे बेटावर सामान पोंचतच राहिलें. १८ आक्टोबर रोजीं दौलतखानानें उघड चाल केली. 'डव्ह' हें इंग्रजी तारूं मराठ्यांनीं धरलें. परंतु 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजानें नेटानें तोंड दिल्यामुळें त्यांस माघार घ्यावी लागली. ते नागांवच्या खाडींत शिरले, आणि उथळ पाण्यांत मोठ्या जहाजाचा पाठलाग संपला. उघड्या समुद्रांत मोठें जहाज वरचढ ठरलें, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं नाकेबंदी उठविली, आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

पुढें कान्होजी आंग्रे सरखेल यांनीं हीच रीति पूर्णत्वास नेली. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. कान्होजींच्या निधनानंतर, १७३५ च्या अखेरीस, संभाजी आंग्र्यांनीं कंपनीचें 'डार्बी' हें मोठें जहाज धरलें.

पूर्वपक्ष असा येईल कीं, ही रीति इतकी चांगली होती तर १७५६ मध्यें विजयदुर्गास सर्वनाश कां झाला? आक्षेप योग्य आहे. वारा प्रतिकूल असल्यास आरमारानें जंजिऱ्याच्या आश्रयास यावें, हा जुना नियम होता. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं वॉटसनचीं जहाजें आलीं, तेव्हां तुळाजी आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याखालीं एकमेकींस बांधून उभ्या होत्या. कंपनीपासून पूर्वी धरलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर गोळा पडून आग लागली, आणि तींत सारें आरमार भस्म झालें. भूमीवरून पेशव्यांचें सैन्य इंग्रजांच्या साह्यास होतें. आश्रयाचें स्थान शत्रूच्या तोफांच्या टप्प्यांत आलें, आणि पाठीमागची भूमि आपल्याच लोकांनीं रोखली, तेथें मध्यम गुराब काय करील? येथें राज्यांतील ऐक्य आधीं तुटलें होतें. जहाजाच्या आकारावर दोष लादणें न्यायाचें नव्हे. पुढें ८ एप्रिल १७८३ रोजीं आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें 'रेंजर' जहाज धरलें, यावरून ती विद्या विजयदुर्गाच्या आगीबरोबर समूळ नष्ट झाली नव्हती, हें दिसून येतें.

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. लढायांचीं पत्रें सर्व जण जपतात. परंतु सागवानाची खरेदी, काथ्याचे दोर, शिडांचें कापड, खलाशांची हजिरी, पावसाळ्यापूर्वीं तारूं ओढून घेण्याची मजुरी, असे कागद रुमालांत क्षुल्लक म्हणून खालीं जातात आणि वाळवीच्या मुखीं पडतात. गुराब किती लांब, किती पाण्यांत चाले, तिच्यावर माणसें किती, हें बखरकार सांगणार नाहीं. तें सुताराच्या हिशेबांतच सांपडेल. असा एक कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्याची नक्कल तरी प्रसिद्ध व्हावी. त्यानें आमचें येथील अनुमान खोटें ठरलें तरी आम्हांस विषाद वाटणार नाहीं. तीस वर्षें न तपासलेलें मत शिकविल्याचा विषाद मात्र अजून आहे.