शिडाच्या होड्यांचे वर्ग आणि त्यांचे ताफे



शाळेंतला वर्ग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आज ज्या वर्गाविषयीं मी बोलणार आहें, तो पाण्यावरचा आहे. शिडाच्या लहान होड्यांच्या शर्यतींत एकाच आराखड्यावरून बांधलेल्या होड्यांच्या समूहाला वर्ग असें म्हणतात. आणि त्या वर्गापैकीं एका गांवच्या बंदरांत किंवा एका तलावावर एकत्र खेळणाऱ्या होड्या मिळून त्याचा एक ताफा होतो. वर्ग पृथ्वीभर पसरलेला असूं शकतो. ताफा मात्र एकाच धक्क्यावर नांदतो. हा वर्ग कोण व कसा चालवितो, आणि चांगला भरभराटलेला ताफा चारपांच वर्षांत ओस कां पडतो, एवढाच आजचा विषय आहे.

या होड्यांना डिंगी म्हणतात. सामान्यतः एक किंवा दोन माणसें बसतील एवढीच ही होडी असते. तिच्या तळाशीं शिशाचा किंवा लोखंडाचा भार नसतो. मध्यें खालींवर सरकणारी एक फळी असते, आणि वारा शिडांत भरला म्हणजे बसणाऱ्यांनींच काठावर बाहेर झुकून आपल्या अंगाच्या भारानें होडी सांवरावयाची असते. अशा होडींत बसणाराचें कौशल्य फार उपयोगी पडतें. पण होड्या निरनिराळ्या बांधणीच्या असल्या, तर तें कौशल्य निष्फळ होतें. कारण ज्याच्यापाशीं पैसा अधिक, तो दरवर्षीं अधिक लांब, अधिक हलकी आणि अधिक शिडाची होडी बांधून घेणार! मग शर्यत होड्यांची न राहतां थैल्यांची होते.

हा दोष प्रथम ज्यांनीं मुळापासून दूर करण्याचा यत्न केला, त्यांत डब्लिनच्या दक्षिणेस शँकिल येथील टॉमस मिडलटन या गृहस्थांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. इ. स. १८८६ मध्यें त्यांनीं अशी सूचना पुढें मांडली कीं, सर्वांनीं एकाच मापाच्या व एकाच आकाराच्या होड्या बांधाव्या, आणि त्यांतूनच शर्यती खेळाव्या. त्याप्रमाणें १८८७ सालीं १३ फूट लांबीच्या, दोन्ही टोंकें निमुळतीं असलेल्या होड्या पाण्यांत उतरल्या. त्यांना ‘वॉटर वॅग’ असें नांव मिळालें. वॅगटेल म्हणजे आपल्याकडे ओढ्याकांठीं शेपटी हालवीत फिरणारा धोबी पक्षी. पुढें १९०० मध्यें सव्वाचवदा फुटांचा नवा आराखडा स्वीकारण्यांत आला. तो डॉइल नांवाच्या होड्या बांधणाराची कन्या मेमी डॉइल हिनें काढला होता. डब्लिननजीक डन लेअरी बंदरांत त्याच आराखड्याच्या लांकडी होड्या आजहि बुधवारीं सायंकाळीं शर्यत खेळतात. सव्वाशें वर्षें लोटलीं, तरी हा वर्ग मोडला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवावी; तिचें कारण पुढें येईल.

सर्व होड्या सारख्या असाव्या असें म्हणणें सोपें. पण त्या सारख्या आहेत हें पाहणार कोण? एका बंदरांत दहा मित्र असले तर परस्परांच्या होड्यांवर त्यांची नजर राहते. पण आराखडा देशोदेशीं गेला म्हणजे नियमांना रखवालदार हवा. येथूनच वर्गसंस्थेची गरज उत्पन्न होते. याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील ‘स्नाइप’ या वर्गाचें आहे. स्नाइप म्हणजे पाणलावा पक्षी. ‘रडर’ या नौकाविषयक मासिकाचे संपादक विल्यम क्रॉस्बी यांनीं १९३१ च्या जुलै महिन्यांत साडेपंधरा फूट लांबीच्या, दोघांनीं चालविण्याच्या होडीचा आराखडा आपल्या मासिकांत छापला. घरच्या घरीं सुतारकाम करणारालाहि ती बांधतां यावी आणि मोटारीमागें गाडीवर घालून नेतां यावी, असा त्यांचा हेतु होता. मिसिसिपी राज्यांतील पास क्रिश्चन या गांवीं १४ वर्षांच्या एका मुलानें वडिलांच्या साहाय्यानें पहिली होडी सिद्ध केली. पाठोपाठ इतक्या होड्या निघाल्या कीं, दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९३२ मध्यें, वर्गाची संस्था स्थापन करावी लागली. आजवर या वर्गांत ३० हजारांहून अधिक क्रमांक देण्यांत आले आहेत, आणि स्पेन, ब्राझील, अर्जेंटिना, नॉर्वे, जपान अशा दूरदूरच्या देशांत त्याचे ताफे आहेत.

संस्थेचें पहिलें काम मोजणीचें. प्रत्येक होडीला एक क्रमांक मिळतो. तोच शिडावर लिहावयाचा. मापारी येऊन होडीची लांबी, रुंदी, शिडाचे कांठ, डोलकाठी, सर्व तपासतो. स्नाइपचें वजन ३८१ पौंडांपेक्षां कमी असून चालत नाहीं; कमी भरलें तर शिशाचे तुकडे आंत बसवून तें पुरें करावें लागतें. एवढ्यानेंहि भागत नाहीं. एकूण वजन तेंच ठेवून टोंकें हलकीं आणि मध्यभाग जड केला, तर होडी लाटेवरून अधिक चपळपणें उचलली जाते. म्हणून होडी टांगून तिला झोका देतात आणि त्या झोक्याचा काळ मोजतात. घड्याळाच्या लंबकाचा नियम ज्यांनीं शाळेंत शिकला असेल, त्यांना ही युक्ति तत्काळ पटेल.

परंतु मापें अचूक झालीं म्हणजे वर्ग जिवंत राहतोच असें नाहीं. खरी कसोटी ताफ्यांत लागते. स्नाइपच्या संस्थेनें हें ओळखून आपली रचनाच ताफ्यांवर उभारली. होड्यांची किमान संख्या भरल्याशिवाय ताफ्याला सनद मिळत नाहीं. प्रत्येक ताफ्याला एक नायक असतो. आणि दूरच्या ताफ्यांचीं वृत्तें एकमेकांना कळावीं म्हणून संस्थेचें स्वतःचें पत्र निघतें.

आतां ताफा ओस कसा पडतो तें पाहूं. समजा, एका तलावावर बारा होड्या आहेत. दोघे तरबेज, सातआठ मध्यम, आणि दोनतीन अगदीं नवखे. दर रविवारीं तेच दोघे पहिले येतात. नवख्यांना मात्र दुरून त्यांच्या शिडांची पाठ दिसते. आपण कां मागें पडलों, हें कोणी सांगत नाहीं. ते दोन रविवार येत नाहींत, मग येतच नाहींत. ते गेल्यावर मध्यमांतले शेवटले जे, ते आतां सर्वांत शेवटले होतात. म्हणून पुढच्या वर्षीं तेहि जातात. अशा रीतीनें ताफा शेपटाकडून झिजत येतो, आणि अखेर दोघे तरबेज एकमेकांसमोर उरतात. त्या दोघांनाहि मग शर्यतींत गोडी राहत नाहीं. होड्या मात्र छपराखालीं बाराच्या बारा असतात! आयुष्य हजेरीपटांत गेलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा प्रकार नवा नाहीं. पटावरची संख्या निराळी आणि वर्गांत बसलेलीं मुलें निराळीं.

तेव्हां उपाय शेपटापासूनच करावयास हवा. पहिला उपाय ठरलेल्या वाराचा. होड्या थोड्या असोत कीं पुष्कळ, वारा मंद असो कीं जोराचा, धोका नसेल तर नेमल्या दिवशीं नेमल्या वेळीं शर्यत सुटलीच पाहिजे. एकदां ‘आज आहे कीं नाहीं’ असा संशय शिरला कीं, मनुष्य घरीं बसतो. दुसरा उपाय शर्यती आंखूड ठेवण्याचा. एक लांब शर्यत घेण्यापेक्षां तीन लहान घेतल्या, तर मागें पडलेल्याला पुन्हां सर्वांबरोबर प्रारंभरेषेवर उभें राहण्याची संधि मिळते. तिसरा उपाय विभागांचा. वॉटर वॅगवाल्यांनीं कौशल्याप्रमाणें विभाग पाडून त्यांचे निकाल निरनिराळे ठेवले आहेत. त्यामुळें मध्यम नाविकालाहि आपल्या जोडीच्या माणसाशीं झुंजण्यांत रस वाटतो. चवथा उपाय शिकविण्याचा. जिंकणारानें शर्यतीनंतर आपली डोलकाठी किती कलती ठेवली, शीड किती ताणलें, हें उघडपणें सांगावें. अधूनमधून नवख्याला आपल्या होडींत बसवावें. यांत त्याचें नुकसान नाहीं. त्याला जिंकण्यासाठीं माणसें उरावीं, याची तरतूद तो करीत असतो.

येथें चिटणिसाचें काम येतें, आणि तें दिसतें त्याहून मोठें आहे. कोणाची होडी पडून आहे, कोणाला होडी हवी आहे, कोणाला दुसरा गडी मिळत नाहीं, याची वही त्यानें ठेवावी. पडून असलेली जुनी होडी अल्प किंमतींत तरुणाच्या हातीं पडणें, हें नव्या होडीच्या खरेदीपेक्षां ताफ्याला अधिक हितकर असतें. निकाल त्याच संध्याकाळीं लागावा, आणि त्यांत शेवटल्याचेंहि नांव असावें. सर्व कामें एकट्यानें अंगावर घेणारा चिटणीस मात्र ताफ्याचा हितशत्रु ठरतो. तो थकला कीं ताफा थकतो. बोया टाकणारा, घड्याळ धरणारा, वर्गणी जमविणारा हे निरनिराळे असावे.

सर्वांत नाजूक प्रश्न नियम बदलण्याचा. लांकडाऐवजीं काचतंतूच्या होड्या निघाल्या, तेव्हां प्रत्येक वर्गापुढें हा पेंच आला. नवें साहित्य नाकारावें, तर बांधणारे मिळत नाहींत. स्वीकारावें, तर जुन्या होडीचा धनी एका रात्रींत मागें पडतो. स्नाइपनें काचतंतु स्वीकारला, पण माप आणि वजन बांधून. वॉटर वॅगनें लांकूड सोडलें नाहीं. दोन्ही वर्ग जिवंत आहेत! म्हणजे जीव लांकडांत नव्हता, काचेंतहि नव्हता. जो नियम गरीब धन्याच्या जुन्या होडीला रेषेवर उभें राहण्याइतकी आशा ठेवतो, तो नियम चांगला. आणि ती आशा दर आठवड्यास खरी करून दाखविणारी संध्याकाळ, ती वर्गाचा प्राण.

आपल्याकडे हा विषय परका नाहीं. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रांत झाल्या, आणि ‘फायरबॉल’ या दोघांच्या डिंगीवर्गांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनीं भारताला सुवर्णपदक मिळवून दिलें. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने होड्या वर ओढून ठेवाव्या लागतात. तेवढ्या अवकाशांत माणसाची संवय मोडते. म्हणून पाऊस सरल्यावरचा पहिला रविवार हा आपल्या ताफ्यांच्या चिटणिसानें सर्वांत अधिक जपावा. सप्टेंबरांतच घरोघर जाऊन शिडें उलगडून पाहावीं, दोर बदलावे, आणि गेल्या वर्षीं जे शेवटले आले होते त्यांना प्रथम निमंत्रण द्यावें.

पदकें पुढच्या होड्या आणतात, आणि त्यांचा आपल्याला योग्य अभिमान वाटतो. परंतु एखाद्या ताफ्याची प्रकृति कशी आहे हें जाणून घ्यावयाचें असेल, तर धक्क्यावर उभें राहून पहिल्या होडीसाठीं टाळ्या वाजवून परत फिरूं नये. शेवटची होडी रेषा ओलांडीपर्यंत थांबावें. तिच्या स्वागताला किती माणसें उरलीं आहेत तें मोजावें. आणि पुढच्या आठवड्यांत ती होडी पुन्हां येते कीं नाहीं, हें पाहावें.