फाइल ‘फझी’ होते तेव्हा

संपादकांना माधवराव सप्रे यांच्यावर लेख हवा होता. रायपूरच्या मराठी घरांत हे नाव आदरानं घेतलं जातं. 1900 साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. त्यांच्याविषयी वाचताना सारखं वाटत राहिलं, की सप्र्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. याच मुलखाच्या बोलीसाठी शंभर वर्षांनी एका माणसानं तितकंच किचकट काम अंगावर घेतलं, त्याची चौकशी मात्र कोणी करत नाही. तो माणूस म्हणजे रविशंकर श्रीवास्तव, ऊर्फ रवि रतलामी.

जन्म राजनांदगावचा, नोकरी मध्य प्रदेश विद्युत मंडळात, मुक्काम रतलामला. म्हणून हे टोपणनाव. ‘इंडलिनक्स’च्या मंडळींबरोबर त्यांनी आधी लिनक्स हिंदीत आणायला हात लावला आणि मग मायबोली छत्तीसगढीकडे वळले. छत्तीसगढ राज्य 2000 साली झालं, 28 नोव्हेंबर 2007 ला विधानसभेनं छत्तीसगढीला राजभाषा करणारं विधेयक मंजूर केलं. जानेवारी 2009 मध्ये लिनक्सवरच्या केडीई या मुक्त प्रणालीची 4.2 आवृत्ती आली. याच सुमारास ‘एचएनई’ या भाषा-संकेताखाली केडीईचा छत्तीसगढी अनुवाद उभा राहिला.

मला भुरळ घातली ती हा अनुवाद ज्यात लिहितात त्या ‘पीओ’ फाइलनं. दिसायला अगदी साधा मजकूर. वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली अवतरणचिन्हांत अनुवाद. ‘ओपन’च्या खाली ‘खोलव’, आणि त्यापुढे कंसात अँपरसँड आणि रोमन ओ. कळफलकावरून मेनू उघडायचा तर ते रोमन अक्षर हवंच. आपल्या लिपीपुरती ही तडजोड. कुठे टक्केचिन्हापुढे 1 असतो, तिथे संगणक ऐनवेळी फाइलचं नाव किंवा आकडा घालतो. वाक्यरचनेसाठी तो मागेपुढे हलवता येतो, पण अनुवादात तो गळला तर वाक्यातून ती माहितीच जाते. अनेकवचनाला दोन ओळी: ‘फाइल’ आणि ‘फाइलमन’. मात्र संगणक एकवचन कधी वापरील, याचं सूत्र फाइलच्या माथ्यावर आधीच लिहावं लागतं.

या फाइलची खरी करामत पुढे आहे. नवी आवृत्ती निघाली, की एक छोटा प्रोग्राम नवी इंग्रजी वाक्यं जुन्या अनुवादाशी ताडून पाहतो. वाक्य जसंच्या तसं असेल तर अनुवाद राहतो. थोडं बदललेलं असेल तर जुना अनुवाद ठेवून त्यावर ‘फझी’ असा शिक्का मारला जातो. हा शिक्का माणसानं तपासून काढेपर्यंत तो अनुवाद वापरला जात नाही. पडद्यावर इंग्रजी वाक्य येतं. चुकीचं छत्तीसगढी दाखवण्यापेक्षा बरोबर इंग्रजी बरं, असा हा रोखठोक हिशेब. छापलेलं ‘गीतारहस्य’ छापलेलंच राहतं; हा अनुवाद अंगणासारखा, पुन्हापुन्हा सारवावा लागतो.

मदत-पुस्तिकांत हे जास्त जाचतं. मेनूत शब्द दोन-चार. पुस्तिकेत अख्खा परिच्छेद हेच एक वाक्य धरलं जातं. मूळ लेखकानं इंग्रजीत एक स्वल्पविराम हलवला तरी दहा ओळींचा परिच्छेद फझी. शिवाय पुस्तिकेतली पडद्याची चित्रं वेगळी काढावी लागतात, नाहीतर मजकूर छत्तीसगढी आणि चित्रात इंग्रजी बटणं. म्हणून सगळीकडे मेनू आधी आणि पुस्तिका मागून, असाच क्रम लागतो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला गरज पुस्तिकेची जास्त, आणि तीच शेवटी राहते.

मराठीचं नशीब बरं. पुण्यात लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीच्या कचेरीत या कामाला पगारी माणसं मिळाली. छत्तीसगढी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते. 2011 च्या गणनेत ती मातृभाषा सांगणारे 1 कोटी 62 लाख होते, पण अनुसूची पाहून आखलेल्या सरकारी योजनेत तिची पाटी कोरी राहते. मग सारी भिस्त एका माणसाच्या संध्याकाळींवर. रतलामी आज हयात नाहीत. केडीई मात्र थांबलं नाही: 2014 मध्ये प्लाझ्मा 5, 2024 मध्ये प्लाझ्मा 6. दर आवृत्तीला शिक्के पडत जाणार.

काम वाया गेलं, असं मात्र नाही. केडीईचे अनुवाद ‘ओपस’ या खुल्या भाषासंग्रहात गेले, त्यांत छत्तीसगढीही आहे; 2022 साली फेसबुकवाल्या मेटानं काढलेल्या दोनशे भाषांच्या यंत्रानुवादातही तिला जागा मिळाली. पण यंत्रानं केलेला अनुवादही कोणीतरी वाचून शिक्का काढायचाच असतो. रायपुरात एनआयटी आहे, नव्या रायपुरात ट्रिपल आयटी आहे, बोली घरात बोलणारी मुलं दोन्हीकडे असणारच. त्यांना कोणाची परवानगी लागत नाही, कारण या फाइली सगळ्यांच्या आहेत. अडचणही तीच: ज्या कामाचे सगळे मालक, त्याच्या कुचराईचा जाब कोणाला विचारायचा?