जुन्या पिकअपसाठी रेडिएटर शोधताना

डिझेल पिकअपच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा चाकांच्या कामी येते. जवळपास तेवढीच सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेतली बरीचशी इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. ते पाणी थंड करून पुन्हा इंजिनाकडे पाठवणे हे रेडिएटरचे काम. पुणे–पौड–कोलाड रस्त्यावरच्या, मुळशी तालुक्यातल्या भुकूममध्ये या कामाची परीक्षा दोन्ही बाजूंनी होते. पुण्याकडे जाताना भूगाव-बावधनची तुंबलेली वाहतूक, पौडकडे जाताना पिरंगुटचा घाट. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढते तेव्हा इंजिन जोरात फिरत असते, पण गाडीला वेग नसल्याने रेडिएटरच्या जाळीवर पुरेसा वारा येत नाही. पंधरा-वीस वर्षे राबलेल्या टाटा २०७ चा किंवा बोलेरो पिकअपचा काटा अशाच ठिकाणी लाल पट्ट्याकडे सरकतो.

काटा चढला म्हणजे रेडिएटर गेला, असे लगेच ठरवू नये. नवा रेडिएटर बसवूनही गाडी गरम होतच राहते, अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा चुकलेले निदान असते. पाहणी स्वस्त गोष्टींपासून सुरू करावी. रेडिएटरच्या टोपणात एक स्प्रिंग असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. टोपणावर ०.९ लिहिलेले असेल, तर या दाबामुळे साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. टोपणाचे रबर कडक झाले की हा दाब राहत नाही आणि रेडिएटर धडधाकट असूनही पाणी उकळून बाहेर फेकले जाते. टोपणानंतर फॅन बेल्टचा ताण, होस पाइपच्या चिरा, वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) शाफ्टजवळची गळती आणि थर्मोस्टॅट वॉल्व्ह बघावा. अनेक इंजिनांत हा वॉल्व्ह ८२ अंशांच्या आसपास उघडतो. तो अडकला की काढून फेकून देण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे, पण ती चुकीची आहे. वॉल्व्ह नसलेले इंजिन उशिरा तापते, जास्त डिझेल पिते आणि लवकर झिजते. शेवटची तपासणी हेड गॅस्केटची. गाडी थंड असताना टोपण काढून इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले किंवा ऑईलच्या पट्टीवर दुधाळ थर दिसला, तर रोग इंजिनात आहे. तिथे रेडिएटरवर खर्च करून उपयोग नाही.

या सगळ्यातून रेडिएटरच दोषी ठरला, तर तो कशाचा बनलेला आहे हे आधी पाहावे. जुन्या गाड्यांना तांब्या-पितळेचे रेडिएटर असत. पितळी नळ्या, त्यांच्यामध्ये तांब्याचे पातळ पत्रे, वर-खाली पितळी टाक्या आणि सगळे सांधे कथील-शिशाच्या डागाने जोडलेले. नंतरच्या गाड्यांना अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. तांबे उष्णता जास्त चांगली वाहून नेते, तरी कारखाने अॅल्युमिनियमकडे वळले. अॅल्युमिनियम स्वस्त आहे, त्याचे वजन तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे आणि त्याच्या रुंद, चपट्या नळ्या भट्टीत पत्र्यांना थेट जोडता येतात. दोन्ही प्रकार काळ्या रंगात असले तर टाकीच्या कडेला किंचित खरवडून पाहावे. पिवळे दिसले तर पितळ. दुरुस्तीचा सगळा निर्णय या एका ओरखड्यावर अवलंबून आहे.

पितळी रेडिएटर बाद करण्याची घाई करू नये. कुशल कारागीर तो गाडीतून उतरवतो, दोन्ही तोंडे बंद करून पाण्याच्या हौदात बुडवतो आणि बेताची हवा भरतो. जिथून बुडबुड्यांची माळ निघते तिथे खडूने खूण करतो. गळती टाकीच्या सांध्यात असेल तर जागा घासून स्वच्छ करून डाग दिला की काम होते. पाणी गळत नाही पण गाडी तापते, असे असेल तर आत क्षार साचलेले असतात. तेव्हा वरची टाकी ज्योतीवर तापवून डाग सोडवतात आणि प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवतात. याला रॉडिंग म्हणतात. उघडलेल्या टाकीतून किती नळ्या बुजल्या आहेत हे मालकाने स्वतः उभे राहून बघावे. गळकी नळी दोन्ही टोकांना डाग देऊन कायमची बंद करता येते, मात्र प्रत्येक बंद नळीबरोबर थंड करण्याची ताकद घटते. एक-दोन नळ्या चालतात, त्यापुढे जाळीच बदलावी. जुन्याच टाक्यांना नवी जाळी लावून घेणे ही पितळी रेडिएटरची सर्वांत टिकाऊ दुरुस्ती आहे, कारण टाक्या, नळीची तोंडे आणि बोल्टच्या जागा मूळच्याच राहतात. जुन्या जाळीतल्या तांब्याची मोड चांगली येते, म्हणून ती बिलातून वजा करून घ्यावी. डागकामाच्या धुरातून आणि घासणीच्या धुळीतून शिसे शरीरात जाते, त्यामुळे हे काम बंद खोलीत किंवा घरात करू नये आणि लहान मुलांना तिथे थांबू देऊ नये.

अॅल्युमिनियमच्या रेडिएटरचे गणित वेगळे आहे. त्याची प्लॅस्टिकची टाकी रबरी गॅस्केटवर बसवून पत्र्याच्या दातांनी आवळलेली असते. गॅस्केट बदलता येते, पण वर्षानुवर्षे तापून ठिसूळ झालेले प्लॅस्टिक दात उचकटताना तडकते. एम-सीलचा लेप घाटातल्या दाबापुढे टिकत नाही. चिमूटभर हळद टाकून गळती बंद करण्याचा ड्रायव्हर लोकांचा जुना तोडगा अडल्या वेळी गॅरेजपर्यंत पोचवतो, मात्र तीच हळद पुढे बारीक नळ्यांत साचते. टाकी तडकली असेल तर नवा रेडिएटर घेणेच शहाणपणाचे.

नव्यासाठी भुकूमच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. रेडिएटर बनवणारी टाटा टोयो ही कंपनी तर मुळशी तालुक्यातल्याच हिंजवडीची. वडोदऱ्याच्या बॅन्कोचा मालही दुकानांत मिळतो. अडचण येते ती जुळणीची. नुसते ‘बोलेरो पिकअप’ सांगून चालत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदलले. बीएस-४ हे उत्सर्जनाचे निकष देशभर २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाले आणि बीएस-६ २०२० च्या एप्रिलपासून. त्या बदलांबरोबर रेडिएटरही बदलले असू शकतात. म्हणून आरसी बुकावरचा चॅसिस नंबर न्यावा आणि शक्यतो जुना रेडिएटरच सोबत घ्यावा. दुकानात जाळीची उंची, रुंदी आणि जाडी टेपने मोजावी. वरच्या-खालच्या नळीची बाजू व व्यास, बोल्टची भोके, फॅनच्या आवरणाच्या जागा आणि तापमानाच्या सेन्सरचे तोंड जुळते का ते पाहावे. जाडीत तडजोड अजिबात नको. नळ्यांच्या तीन रांगांऐवजी दोन रांगांचा माल स्वस्त मिळतो, मोकळ्या गाडीत तो चालूनही जातो आणि माल भरल्यावर फसतो.

मॉडेल बंद पडले असेल आणि नवा भाग मिळतच नसेल, तर भंगारातला उतरवलेला रेडिएटर हा मार्ग उरतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा मालासाठी प्रसिद्ध आहे. वाहने रीतसर मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. अशा केंद्रातून भाग मिळाला तर त्याचा कागद मिळतो आणि चोरीच्या मालाची धास्ती राहत नाही. जुना रेडिएटर घेताना तोंडातून बॅटरीचा उजेड टाकून नळ्यांची टोके पाहावीत, पत्रे बोटाने हलकेच दाबावेत आणि भुगा पडला तर तो परत ठेवावा. हौदात हवेची चाचणी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बसवल्यानंतरची चूक पाण्याची असते. दख्खनच्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातले क्षार नव्या जाळीतही थर धरतात. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणि कुलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. त्यातली गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून ते ठरलेल्या मुदतीत बदलावे. भरताना हीटरची नळी किंवा हवेचा स्क्रू मोकळा करून आतली हवा काढावी, नाहीतर पाणी भरलेले दिसूनही गाडी तापते. पहिला आठवडा रोज सकाळी, इंजिन थंड असतानाच, टोपण उघडून पातळी बघावी. काढलेले जुने कुलंट मात्र गोठ्याजवळ, अंगणात किंवा ओढ्यात कधीही ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, म्हणून कुत्री-गुरे ते चाटतात आणि त्याने मरू शकतात. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे परत द्यावे.