थायरिस्टरला फ्यूजच का?

घटप्रभेवरच्या हिडकल धरणासारख्या ठिकाणी जलविद्युत जनरेटर वीज देतो तो रोटरला डीसी प्रवाह मिळाला तरच. अनेक वीजघरांत हा प्रवाह थायरिस्टरांचा ब्रिज पुरवतो. त्यातला एक थायरिस्टर शॉर्ट झाला, की शेजारच्यातून प्रचंड प्रवाह धावतो आणि 10 मिलिसेकंदांच्या आत त्याचीही सिलिकॉनची चकती जळू शकते. ब्रेकर उघडायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून प्रत्येक थायरिस्टरला शीघ्र फ्यूज हवा, आणि तो तुटेपर्यंत निसटणारी ऊर्जा थायरिस्टरच्या सहनशक्तीपेक्षा कमी हवी.

ग्रिडवर संकट असताना रोटरचा प्रवाह मुद्दाम वाढवतात. नेमका तेव्हाच फ्यूज उडाला तर? शंका रास्त आहे. म्हणूनच फ्यूज त्या वाढीव प्रवाहाला पुरून उरणारा निवडतात आणि जोडीला एक जादा ब्रिज ठेवतात. सावकाश वाढणारा ओव्हरलोड रिलेने सांभाळावा. शॉर्टसर्किट मात्र फ्यूजवरच सोपवावे.